दाराशीं अडलेलें तिकीट

गेल्या मार्गशीर्षांत आमच्या श्रीवर्धनास समुद्रकांठच्या एका मोकळ्या पटांगणांत नाट्यसंगीताचा दोन रात्रींचा जलसा झाला. एका सार्वजनिक कामास मदत व्हावी म्हणून त्यास तिकिटें लाविलीं होतीं. पूर्वी अशा प्रसंगीं रंगीत कागदाचीं तिकिटें छापीत, त्यांवर शिक्का मारीत आणि दाराशीं उभा असलेला गृहस्थ तिकिटाचा कोपरा फाडून घेई. या वेळीं तरुण मंडळींनीं ठरविलें कीं, तिकिटें मोबाईलवरच विकावयाचीं. पैसे भरतांच खरेदीदाराच्या मोबाईलवर एक काळापांढरा चौकोन, ज्यास आतां लहानथोर सगळेच क्यूआर कोड म्हणतात तो, यावा. त्यानें तो दाराशीं दाखवावा. आणि दारावरच्या माणसानें आपल्या मोबाईलचा कॅमेरा त्यावर धरतांच हिरवी खूण उमटावी. एकच तिकीट दोन्ही रात्रींस चालावें, मात्र एका तारखेस एकदांच, अशी योजना होती. योजना उत्तम होती, आणि तिच्यांत आजही आम्हांस कांहीं दोष दिसत नाहीं.

दाराशीं दोन रांगा होत्या. एका रांगेवर कॉलेजांत शिकणारा एक मुलगा उभा होता, दुसरीवर आम्ही. उभा जन्म हजेरी घेण्यांत गेल्यामुळें हें काम आम्हांस साधेल अशी मंडळींची समजूत, आणि खरें सांगावयाचें तर आमचीही. पहिलीं पंचवीस-तीस माणसें झरझर आंत गेलीं. मग कोणीं तरी दारावरच्या मंडळींसाठीं चहा व कांद्याचीं भजीं पाठविलीं. तेथपासून आमच्या रांगेचें चाक रुतलें. कॅमेरा धरावा, चौकोन दिसावा, पण हिरवी खूण कांहीं उमटूं नये. चार जणांत एकाचें तिकीट लागे, तिघांचें लागत नसे. मागच्या माणसांचे उसासे ऐकूं येऊं लागले. “मास्तर, आम्ही पलीकडच्या रांगेंत जाऊं का?” असें एकानें विचारिलें, तें आम्हांस बोचलें हें कबूल केलें पाहिजे.

अशा वेळीं गांवाबाहेरच्या एका वाडीवरून एक वृद्ध बाई आल्या. आमचा त्यांचा पुष्कळ वर्षांचा परिचय. आम्ही त्यांस वहिनी म्हणतों. त्यांचे यजमान नाट्यगीतांचे मोठे षोकी होते. ते गेल्यापासून त्या अशा कार्यक्रमास फारशा बाहेर पडत नसत. पुण्यास असलेल्या मुलानें आग्रहानें तिकीट काढून व्हॉट्सॲपवर पाठविलें होतें, म्हणून त्या रिक्षा करून आल्या होत्या. त्यांनीं मोबाईल पुढें केला. आम्हीं कॅमेरा धरिला. कांहीं उमटेना. जवळ नेला, आणखी जवळ नेला, तरी नाहीं. शेजारीं उभा असलेला एक पोरगा म्हणाला, “खोटें असेल, मास्तर. हल्लीं पुष्कळ जण दुसऱ्याच्या तिकिटाचा फोटो पाठवितात.” तो हें हळू म्हणाला नाहीं. आम्हीं त्यास गप्प केलें नाहीं. उलट आम्ही म्हणालों, “वहिनी, तिकिटांत कांहीं गोंधळ दिसतो. जरा बाजूस उभ्या राहा, गर्दी ओसरली म्हणजे पाहूं.” त्या बाजूस उभ्या राहिल्या. गर्दी ओसरल्यावर आम्हीं मागें वळून पाहिलें तों त्या तेथें नव्हत्या. रिक्षावाल्यास थांबवून त्या परत गेल्या, असें कोणीं तरी सांगितलें.

मध्यंतरांत कॉलेजच्या मुलानें आमचा मोबाईल मागून घेतला. त्याच्या रांगेंत एकही तिकीट अडलें नव्हतें. त्यानें तो उलटा करून दिव्यापुढें तिरका धरिला आणि आमच्याकडे पाहून हंसूं दाबलें. कॅमेऱ्याच्या भिंगावर भज्याच्या तेलाचा अंगठा स्पष्ट उमटला होता. त्यानें सदऱ्याच्या टोकानें भिंग पुसलें व जवळच्या एका तिकिटावर धरिलें. टिक्‌ असा आवाज झाला.

त्या रात्रीं आम्हांस झोंप आली नाहीं. उठून दिवा लाविला आणि सांख्यकारिकेची जुनी प्रत काढिली. तिच्या सातव्या कारिकेंत ईश्वरकृष्णानें, असलेली वस्तु कां दिसत नाहीं, याचीं आठ कारणें सांगितलीं आहेत. वस्तु फार दूर असणें, फार जवळ असणें, इंद्रियांत दोष असणें, मन ठिकाणावर नसणें, वस्तु अति सूक्ष्म असणें, मध्यें आडपडदा असणें, अधिक प्रखर वस्तूनें तिला झांकून टाकणें, आणि सारख्याच वस्तूंत ती मिसळून जाणें. प्रकृति दिसत नाहीं म्हणून ती नाहींच, असें म्हणणारांस उत्तर देण्याकरितां ही कारिका आहे. विद्यार्थ्यांस ती आम्हीं किती वेळां शिकविली असेल! पण मोबाईलचा कॅमेरा हेंही एक इंद्रिय आहे आणि त्यासही हींच आठ कारणें लागूं पडतात, हें त्या रात्रींपर्यंत आमच्या ध्यानीं आलें नव्हतें. दुसऱ्या दिवशीं सकाळीं त्या मुलास घरीं बोलावून, पुतण्याचे व सुनेचे मोबाईल मागून घेऊन, आम्हीं एकेक कारण प्रत्यक्ष ताडून पाहिलें. घरोघरीं आतां हा प्रसंग येतो. मुंबई-पुण्याच्या मेट्रोचें तिकीट असो, घारापुरीच्या लेण्यांचें असो कीं नाटकाचें असो, सगळीकडे हाच चौकोन आहे. म्हणून जें समजलें तें वाचकांपुढें ठेवितों.

प्रथम हा चौकोन म्हणजे काय तें पाहूं. १९९४ सालीं जपानांतील डेन्सो या कंपनींत मासाहिरो हारा या इंजिनियरानें व त्याच्या सहकाऱ्यानें तो सिद्ध केला. कंपनी मोटारगाड्यांचे भाग बनवी. त्या भागांच्या पेट्यांवर पूर्वी उभ्या रेघांचा बारकोड असे. त्यांत वीसेक अक्षरांपलीकडे मजकूर मावत नसे, म्हणून एकेका पेटीवर अनेक बारकोड लावून ते एकामागून एक वाचावे लागत. काळ्यापांढऱ्या सोंगट्यांचा गो नांवाचा एक पट जपानांत खेळतात. तो खेळतांना हारास सुचलें कीं, मजकूर एकाच दिशेनें न मांडतां पटासारखा दोन्ही दिशांनीं मांडावा. कंपनीनें त्याचे हक्क स्वतःकडे ठेविले, पण ते कोणावर बजावले नाहींत. म्हणून आज आमच्या गांवचा सुपारीवालाही तो चौकोन फुकट वापरूं शकतो.

चौकोनाच्या तीन कोपऱ्यांत तीन मोठे डोळे असतात. चौथा कोपरा मुद्दाम मोकळा ठेविलेला असतो. त्यावरून यंत्रास वरची बाजू कोणती तें कळतें. मग मोबाईल आडवा धरा, उलटा धरा, कांहीं बिघडत नाहीं. त्या डोळ्यांच्या मध्यांतून कोणतीही सरळ रेघ काढली तर काळें एक, पांढरें एक, काळें तीन, पांढरें एक, काळें एक असेंच प्रमाण येतें. छापील कागदांवर क्वचितच आढळणारें प्रमाण कोणतें, याचा पुष्कळ छापील मजकूर तपासून शोध केला आणि मग हेंच निवडलें. कॅमेरा आधीं हे तीन डोळे शोधतो. ते सांपडले नाहींत तर पुढचें कांहींच वाचीत नाहीं. चौकोनाभोंवतीं चार घरांइतकी कोरी जागाही लागते. हौशी मंडळी तिकिटाचें चित्र अगदीं चौकोनाच्या कडेपर्यंत कातरून पाठवितात, त्यामुळें ही कोरी जागा जाते आणि तिकीट चांगलें असून वाचतां येत नाहीं.

या चौकोनांतील एक गोष्ट मात्र आमच्यासारख्या वेदपाठ ऐकत वाढलेल्या माणसास फार आवडेल. त्यांत मजकुराबरोबर त्या मजकुराची साक्षही भरलेली असते. १९६० सालीं रीड व सॉलोमन या दोन अमेरिकन गणितज्ञांनीं शोधलेल्या रीतीनें मूळ अक्षरांवरून आणखी कांहीं अक्षरें सिद्ध करून तीं जोडून देतात. मग कांहीं भाग पुसला तरी उरलेल्यावरून तो भरून काढतां येतो. कोडाच्या प्रतीप्रमाणें सुमारें ७, १५, २५ किंवा ३० टक्के भाग गेला तरी चालतो. आमच्या घनपाठ्यांनीं तरी दुसरें काय केलें? पहिलें-दुसरें, दुसरें-पहिलें, पहिलें-दुसरें-तिसरें, तिसरें-दुसरें-पहिलें, पुनः पहिलें-दुसरें-तिसरें, असें पदांचें विणकाम करून ठेविलें, कीं एक पद चुकलें तर शेजारचीं पदें ती चूक पकडून देतील. म्हणजे हा चौकोन स्वभावानें क्षमाशील आहे. तो वाचला जात नाहीं तेव्हां बहुधा चौकोनाचा अपराध नसतो, पाहणाऱ्याचा असतो.

पाहणाऱ्याचा दोष म्हणजे प्रथम इंद्रियाचा दोष. कोंकणकिनाऱ्यावर तर हें कारण मोठें आहे. तेलाचा अंगठा हा आमचा. पण बोट न लावितांही येथें भिंग मळतें. समुद्रावरून येणाऱ्या वाऱ्यांत मिठाचे बारीक कण असतात. दोन-चार संध्याकाळीं किनाऱ्यावर हिंडलें कीं भिंगावर त्यांची धुकट साय चढते. चष्मा वापरणारांस ही साय चांगली ठाऊक आहे, कारण चष्मा ते रोज पुसतात. मोबाईलचें भिंग वर्षांतून एकदां तरी कोण पुसतो? पुसतांनाही रीत आहे. कोरड्या फडक्यानें घांसलें तर मिठाचे कण भिंगावर ओरखडे काढतात. आधीं फुंकर मारावी, मग किंचित् ओलसर मऊ सुती फडक्यानें हलकेच टिपावें, मग कोरडें करावें. जुन्या धोतराचा तुकडा यास उत्तम. शिवाय मुंबईहून गार हवेच्या गाडींतून येऊन येथील दमट हवेंत मोबाईल बाहेर काढिला कीं भिंगावर दंव धरतें. तें दहा मिनिटांत आपोआप जातें, घाई करण्याचें कारण नाहीं. नव्या मोबाईलच्या भिंगावर कारखान्याची पातळ पारदर्शक चिकटपट्टी तशीच राहिलेली आम्हीं पाहिली आहे. सुनेच्या मोबाईलवर ती आठ महिने होती.

दुसरा अपराध अति जवळ जाण्याचा. डोळ्यांतलें काजळ डोळ्यास दिसत नाहीं, हा दाखला टीकाकारांनीं दिला आहे. वाचतां येत नाहीं म्हटलें कीं मनुष्य मोबाईल पुढें पुढें नेतो, आणि वहिनींच्या तिकिटापाशीं आम्हींही तेंच केलें. पण कॅमेऱ्याच्या भिंगास ठराविक अंतराच्या अलीकडची वस्तु स्पष्ट दिसतच नाहीं. तें अंतर बहुतेक मोबाईलांत चार-पांच बोटांपासून वीतभर असतें, आणि नवल असें कीं, कित्येक महागड्या नव्या मोबाईलांत तें जास्तच असतें, कारण त्यांत आंतील चित्रपट्टी मोठी असते. तेव्हां चौकोन धूसर दिसला तर मागें सरावें. वीतभर अंतर ठेवावें, दोन बोटांनीं चित्र दुप्पट मोठें करावें, आणि स्क्रीनवर चौकोनाच्या मध्यावर एकदां बोट टेंकवावें. म्हणजे कॅमेरा तेथेंच नजर लावितो. इतकें केल्यावर आमच्या घरीं अडलेल्या दहांपैकीं सात तिकिटें लागलीं. मेट्रोच्या फाटकावर वाचणारा डोळा यंत्रांत बसविलेला असतो, तेथेंही लोक मोबाईल त्या काचेवर अगदीं दाबून धरतात. त्याऐवजीं दोन-तीन बोटें वर धरून क्षणभर स्थिर ठेवावा. फार दूर असण्याचा दोष दाराशीं सहसा घडत नाहीं, कारण दोघेही पुढेंच ढकलले जात असतात.

प्रखर वस्तूनें झांकून टाकण्याचा प्रकार अधिक बारकाईचा आहे, आणि येथें सुशिक्षितही चुकतात. सूर्य असतां तारे दिसत नाहींत, त्याप्रमाणें काचेवर पडलेली दिव्याची तिरीप चौकोनास गिळते. अंधार आहे म्हणून दारावरचा मनुष्य आपल्या मोबाईलची बत्ती लावितो. तिकीट कागदावर असेल तर हें योग्य; कागदास स्वतःचा उजेड नाहीं. पण तिकीट दुसऱ्या मोबाईलच्या स्क्रीनवर असेल तर ती बत्ती काचेवरून उलटून कॅमेऱ्याच्याच डोळ्यांत शिरते. कागदास बत्ती लावावी, काचेची बत्ती विझवावी, एवढें ध्यानांत ठेविलें तरी रात्रींचीं निम्मीं भांडणें मिटतील. स्क्रीन किंचित् तिरकी केल्यानेंही तिरीप सरकते. तिकीट दाखविणारानें आपल्या स्क्रीनचा उजेड पूर्ण वाढवावा. रात्रीं मोबाईल आपण होऊन मंद होतो, बॅटरी उतरली कीं आणखी मंद होतो. आणि कांहीं स्क्रीन मंद असतांना इतक्या वेगानें लुकलुकतात कीं आपल्यास तें कळत नाहीं, पण कॅमेऱ्यास त्यावर काळे पट्टे सरकतांना दिसतात. उजेड वाढवितांच ते जातात. रात्रीं डोळ्यांस त्रास नको म्हणून कित्येक जण मोबाईल काळ्या पार्श्वभूमीवर ठेवितात. तशांत कांहीं वेळां चौकोनही उलटा होतो, काळ्याचें पांढरें व पांढऱ्याचें काळें, आणि सर्वच वाचकयंत्रांस तसा वाचतां येत नाहीं.

सूक्ष्मतेचें असें आहे कीं, मजकूर जितका अधिक तितकीं घरें अधिक. लहानांत लहान कोडांत एका बाजूस २१ घरें असतात, मोठ्यांत मोठ्यांत १७७. कांहीं आयोजक तिकिटांतच नांव, गांव, आसन, पत्ता असा सगळा पाढा भरतात. मग घरें तांदळाच्या कणीएवढीं होतात. त्यांत तें तिकीट चित्ररूपानें व्हॉट्सॲपवरून या हातून त्या हातीं गेलें कीं चित्र दरवेळीं आवळलें जातें व कडा विरघळतात. तिकीट पाठवावयाचें असेल तर चित्र म्हणून न पाठवितां डॉक्युमेंट म्हणून पाठवावें, आणि पाहणाऱ्यानें तें स्क्रीनभर मोठें करून दाखवावें. त्याहूनही बरें म्हणजे कागदावर छापून घ्यावें. कागदाची बॅटरी उतरत नाहीं. आडपडद्याचें फारसें सांगावयास नको: फुटलेली काच, ओलें प्लास्टिकचें पाकीट, आणि शेजाऱ्यानें आपला मजकूर वाचूं नये म्हणून लावितात ती अंधारी काच. ही शेवटची समोरून स्वच्छ व बाजूनें काळीठिक्कर दिसते, म्हणून तिकीट अगदीं समोर धरावें लागतें. सारख्यांत मिसळण्याचा अनुभव एकत्र कुटुंबांस येईल. घरांतल्या सहा जणांचीं तिकिटें एकाच पानावर एकाखालीं एक आलेलीं असतात. कॅमेऱ्यास दोन चौकोन एकदम दिसले कीं तो भलताच वाचतो. एकावर कॅमेरा, बाकीच्यांवर हात.

राहिलें मन ठिकाणावर नसणें. यंत्रास मन कुठलें, असें कोणी म्हणेल. पण डोळा उघडा असून दिसत नाहीं, कारण मागें घेणारा कोणी नाहीं, ही अवस्था मोबाईलासही येते. तिकिटें वाचणाऱ्या ॲपनें प्रथम उघडतांना कॅमेरा वापरण्याची परवानगी मागितलेली असते आणि आपण घाईंत नाहीं म्हटलेलें असतें. मग स्क्रीन काळीच राहते. सेटिंगांत जाऊन ती परवानगी द्यावी लागते. दुसरें एखादें ॲप कॅमेरा अडवून बसलेलें असतें. सर्व बंद करून मोबाईल एकदां मालवून पुनः चालू केला कीं सुटतें. आणि कॅमेऱ्यानें वाचलें, पण तें खरें कीं खोटें हें विचारावयास नेटवर्क नाहीं, असेंही होतें. गांवांत एका ठिकाणीं हजार माणसें जमलीं कीं नेटवर्क गुदमरतें. ३ जून २०२० रोजीं निसर्ग चक्रीवादळ याच किनाऱ्यावर आदळलें, नारळी-पोफळीच्या वाड्या आडव्या झाल्या आणि वीज व मोबाईल कित्येक दिवस मुके झाले, तें येथें कोणी विसरलेला नाहीं. एका तारेवर सगळा कारभार टांगूं नये हें आम्ही तेव्हां शिकलों असें आम्हांस वाटत होतें. तरी जलशाच्या पहिल्या रात्रीं दाराशीं खरेदीदारांची कागदी यादी नव्हती. ती असती तर वहिनींचें नांव पाहून त्यांस आंत सोडण्यास अर्धें मिनिट लागलें असतें.

येथें एक भेद नीट समजून घेतला पाहिजे, कारण दारावर उभ्या राहणाऱ्याचा सारा धर्म त्यांत आहे. यंत्र तीन प्रकारें अडवितें. एक, तें कांहींच बोलत नाहीं. दुसरें, तें वाचतें आणि म्हणतें कीं, हें तिकीट या कार्यक्रमाचें किंवा या तारखेचें नव्हे. तिसरें, तें वाचतें आणि म्हणतें कीं, हें तिकीट आधींच वापरलें गेलें आहे. दुसऱ्या व तिसऱ्या वेळीं तिकीटवाल्यास प्रश्न विचारण्यास आधार आहे. पहिल्या वेळीं कसलाही आधार नाहीं. भाट्ट मीमांसकांनीं अनुपलब्धि, म्हणजे वस्तु न आढळणें, हें स्वतंत्र प्रमाण मानिलें, पण त्यास एक अट घातली: ती वस्तु असती तर निश्चित दिसली असती, अशी पाहण्याची सारी सामग्री हजर असली पाहिजे. अंधाऱ्या खोलींत घडा दिसला नाहीं म्हणून घडा नाहीं असें म्हणतां येत नाहीं. तेलकट भिंगास तिकीट दिसलें नाहीं म्हणून तें खोटें, असें म्हणणारा पोरगा लहान होता. आम्ही लहान नव्हतों.

तिसऱ्या प्रकाराचा मात्र खरा दोष पुष्कळदां घरांतच असतो. आमच्याच कुटुंबांतली गोष्ट आहे. मुंबईच्या एका नाटकाचीं चार तिकिटें पुतण्यानें काढून घरच्या व्हॉट्सॲप गटावर टाकिलीं. थोरली सून आधीं पोहोंचली. तिनें सर्वांत वरचें तिकीट दाखविलें व आंत गेली. धाकटी मागून आली. तिनेंही सर्वांत वरचेंच दाखविलें. यंत्रानें लाल खूण दाखविली आणि तिच्यावर चोरीचा आळ आल्यासारखें झालें. ज्याचें त्यास, नांव घालून, वेगळें तिकीट पाठवावें. गटावर टाकूं नये. समाजमाध्यमांवर तर तिकिटाचा फोटो मुळींच लावूं नये. चौकोनाची नक्कल कोणासही करतां येते आणि जो आधीं दारांत पोहोंचेल तो खरा ठरतो. ही लबाडी मोडण्यासाठीं टिकेटमास्टर या अमेरिकन कंपनीनें २०१९ पासून असा कोड आणिला आहे कीं, तो दर थोड्या सेकंदांनीं बदलतो. तेथें आधीं काढून ठेविलेला स्क्रीनशॉट कुचकामाचा. परदेशीं मुलाबाळांकडे जाणाऱ्या वडील मंडळींनीं तिकीट ॲपमध्येंच उघडून दाखवावें व बॅटरी भरून न्यावी.

दुसऱ्या दिवशीं हे प्रयोग आटोपून नऊच्या सुमारास आम्ही त्या मुलास घेऊन वहिनींच्या वाडींत गेलों. त्या ओटीवर सुपाऱ्या निवडीत बसल्या होत्या. आम्हीं झालेला प्रकार सांगितला, अंगठ्यासकट. त्यांनीं सर्व ऐकून घेतलें आणि म्हणाल्या, “म्हणजे मास्तर, भजीं तुम्हीं खाल्लींत आणि उपास मला घडला.” यावर आम्हांपाशीं उत्तर नव्हतें. त्यांची खात्री पटावी म्हणून आम्हीं त्यांचा मोबाईल मागितला, त्याचा उजेड वाढविला, आपलें भिंग पुसलें, वीतभर अंतर ठेविलें. चौकोन दिसतांच टिक्‌ असा आवाज झाला आणि हिरवी खूण उमटली. त्यांनीं ती बराच वेळ पाहिली. “मुलानें पैसे भरले होते हो,” त्या म्हणाल्या. “मला रात्रभर तेंच वाटत होतें, कीं त्यानें कांहीं चुकवलें कीं काय.” आज यावें अशी आम्हीं विनंति केली. त्यांनीं येतें असें म्हटलें नाहीं, नाहीं असेंही म्हटलें नाहीं.

सायंकाळीं दाराशीं आम्हीं तीन नव्या वस्तु ठेविल्या. धोतराचें फडकें, खरेदीदारांची छापील यादी, आणि खांबावर चिकटविलेला एका खऱ्या कोडाचा कागद, ज्यास मुलांनीं साक्षीदार असें नांव दिलें. एखादें तिकीट लागलें नाहीं कीं आधीं कॅमेरा साक्षीदारावर धरावयाचा. साक्षीदारही दिसला नाहीं तर दोष आमचा; त्यानें फडकें घ्यावें. साक्षीदार दिसला तर तिकीट दुसऱ्या रांगेच्या मोबाईलनें पाहावें, तेथेंही न दिसल्यास कोडाखालचा आंकडा हातानें भरावा, तोही जमला नाहीं तर यादी. कोणासही बाजूस उभें करावयाचें नाहीं. त्या रात्रीं सात-आठ तिकिटें अडलीं. एकही मनुष्य परत गेला नाहीं. चहा आला तो आम्हीं घेतला, भजीं पुढें सरकविलीं.

पहिली नांदी संपत आली असतां वहिनी आल्या. पलीकडची रांग मोकळी होती, तरी त्या आमच्याच पुढें येऊन उभ्या राहिल्या. आम्हीं भिंग पुसलें, अंतर ठेविलें, कॅमेरा धरिला. यंत्रानें तत्काळ वाचलें आणि लाल खूण दाखविली: हें तिकीट आजच्या तारखेस सकाळीं ९ वाजून २० मिनिटांनीं वापरलें गेलें आहे. तें अक्षरशः खरें होतें. त्यांच्या ओटीवर, त्यांच्या सुपाऱ्यांपाशीं, आम्हींच तें वापरलें होतें. कॉलेजच्या मुलानें कपाळावर हात मारिला. वहिनींनीं आमच्याकडे पाहिलें. आम्हीं यादींत त्यांचें नांव काढिलें, वहीचें अर्धें पान फाडून त्यावर तें लिहिलें, खालीं सही केली, कागद त्यांच्या हातीं दिला, आणि तो परत घेऊन त्याचा कोपरा फाडून ठेविला. मग त्या आंत गेल्या.